इंग्रज कोण, ब्रिटिश कोण?

'ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकाराने मराठ्यांचा इतिहास लिहिला' असे वाक्य मराठी पुस्तकांतून सर्रास आढळते आणि ते कोणालाही खटकत नाही. जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधील बॅन्फ गावचा. त्याचा ग्रंथ १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मांडणीचा प्रतिवाद करण्यात महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. परंतु त्याला इंग्रज म्हणण्याची चूक मात्र तशीच राहिली. पेशवाईच्या अस्तसमयी पुण्याचा रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनचा, दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेणारा जॉन माल्कम डम्फ्रीशायरचा. दोघेही स्कॉट. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा ठाकलेला आर्थर वेलस्ली डब्लिनमध्ये जन्मला होता आणि त्याच्या हाताखालच्या दोन गोऱ्या पायदळ पलटणी, ७४ आणि ७८ क्रमांकाच्या, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखाच्या नावाने उभारलेल्या होत्या. (उरलेले बहुतेक पायदळ मद्रासकडील देशी शिपायांचे होते, हे शल्य वेगळेच.) मराठ्यांचे राज्य इंग्रजांनी घेतले हे वाक्य तोंडात बसले आहे खरे, पण त्यातला इंग्रज शोधू गेल्यास तो वारंवार हातातून निसटतो.

हा शब्द मुळात चुकीचा नव्हता. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला, तेव्हा तो अगदी नेमका होता. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी नजराणा घेऊन आलेला हेन्री ऑक्झिंडन हा इंग्लंडच्या राजाच्या सनदेवर चाललेल्या कंपनीचा वकील होता. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा राजा १६०३ पासून एक असला तरी राज्ये दोन होती, संसदा दोन होत्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार असे टोपीकर एकेक करून सांगितले आहेत. परक्यांतील भेद ओळखण्याची दृष्टी त्या काळच्या मराठी राजकारण्यांपाशी होती. पुढे १७०७ मध्ये दोन्ही संसदा एक होऊन ग्रेट ब्रिटन हे राज्य निर्माण झाले, १८०१ मध्ये आयर्लंड त्यात आले आणि १९२२ मध्ये त्याचा मोठा भाग बाहेर पडला. वेल्स तर सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याखाली आले होते. राज्याचे नाव आणि आकार असे बदलत गेले. आपला शब्द मात्र १६७४ च्या जागीच राहिला.

याबद्दल मराठी माणसाला फार दोष देण्याचे कारण नाही, कारण हा घोळ मूळ मालकांनीच घालून ठेवला आहे. संपूर्ण राज्याची मध्यवर्ती बँक आजही 'बँक ऑफ इंग्लंड' म्हणवते, आणि गंमत अशी की तिची योजना मांडणारा विल्यम पॅटर्सन स्कॉट होता! १८६७ मध्ये वॉल्टर बॅजट याने साऱ्या राज्याच्या घटनेवर ग्रंथ लिहिला, त्याला नाव दिले 'इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन'. क्रिकेटमध्ये तर सगळाच आनंद आहे. इंग्लंडच्या संघाचा कारभार इंग्लंड आणि वेल्स यांच्या संयुक्त मंडळाकडे. परंतु त्या मंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांत वेल्सला जागा नाही. १९७२-७३ मध्ये भारतात आलेल्या इंग्लंड संघाचा कर्णधार टोनी लुईस वेल्सचा होता, १९७४ मध्ये भारताचा डाव ४२ धावांत गुंडाळणाऱ्या संघाचा कर्णधार माइक डेनेस स्कॉटलंडमध्ये जन्मलेला. आणि १९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतभूमीवरील पहिल्या कसोटीत इंग्लंडचे नेतृत्व करणारा डग्लस जार्डिन? त्याचे आईवडील स्कॉट आणि जन्मगाव मुंबई.

स्कॉटलंडने हे मुकाट्याने सोसले असे नव्हे. एलिझाबेथ राणी १९५२ मध्ये गादीवर आली ती 'दुसरी' म्हणून. पहिली एलिझाबेथ इंग्लंडची राणी होती, स्कॉटलंडची कधीच नव्हती. मग स्कॉटलंडमध्ये ही दुसरी कशी? एडिंबरोत नव्या राणीच्या नावाची अक्षरे आणि दोनचा आकडा कोरलेली टपालपेटी बसवताच तिच्यावर हल्ले सुरू झाले आणि १९५३ च्या फेब्रुवारीत ती स्फोटाने उडवून देण्यात आली. त्यानंतर स्कॉटलंडमधील नव्या टपालपेट्यांवर तो आकडा आला नाही, तेथील राजमुकुट तेवढा आला. एका आकड्यासाठी इतके, हे वरवर पाहणाऱ्याला पोरकट वाटेल. ज्यांचे नाव दुसऱ्याच्या नावाखाली झाकले जाते, त्यांना ते तसे वाटत नाही.

मात्र याच नावाच्या गोंधळाचा स्कॉट आणि आयरिश मंडळींना एक लाभही झाला आहे, तो नजरेआड करता कामा नये. साम्राज्याचे पाप 'इंग्रजां'च्या खाती जमा झाले की बाकीचे आपोआप सुटतात. लंडनमध्ये बसून भारताच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रक मंडळाचा अध्यक्ष हेन्री डंडास स्कॉट होता आणि त्याच्या कृपेने कितीतरी स्कॉट तरुण कंपनीच्या चाकरीत शिरले. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा नायब राज्यपाल असलेला मायकेल ओडवायर आयर्लंडमधील टिपरेरीचा. त्याच बेटावरच्या डंगॅननमध्ये जन्मलेली मार्गारेट नोबल भगिनी निवेदिता होऊन भारताची झाली, हेही तितकेच खरे. दोघांनाही 'इंग्रज' म्हणून टाकल्यास दोघांचाही इतिहास कळत नाही.

आता इंग्लंडकडे वळू. राज्य ही राजकीय व्यवस्था आणि राष्ट्र ही संस्कृतीने, स्मृतीने बांधलेली जाणीव, हा भेद आपल्या वाचकांना नवा नाही. ब्रिटन हे राज्य. त्यात इंग्लिश, स्कॉट, वेल्श ही राष्ट्रे. लोकसंख्येने सुमारे ८४ टक्के असलेल्या इंग्लंडला या राज्यात आपले वेगळे नाव सांगण्याची गरजच भासली नाही. १९६६ ची विश्वचषक फुटबॉलची अंतिम लढत इंग्लंडने जिंकली, तेव्हा इंग्लंडचे प्रेक्षक फडकवत होते ते युनियन जॅक! १९९६ च्या युरोपीय स्पर्धेपर्यंत त्यांच्या हाती सेंट जॉर्जचा लाल क्रूस आला. १९९९ मध्ये स्कॉटलंडला संसद आणि वेल्सला विधिमंडळ मिळाले. इंग्लंडला आजही काही नाही.

जो मोठा भाऊ साऱ्या घरालाच आपले नाव देतो, त्याला स्वतःचे असे नाव उरत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत २०११ साली प्रथमच राष्ट्रीय ओळख विचारण्यात आली. केवळ 'इंग्लिश' असे उत्तर ५७.७ टक्के लोकांनी दिले, केवळ 'ब्रिटिश' असे १९.१ टक्क्यांनी. २०२१ मध्ये केवळ 'ब्रिटिश' म्हणवणारे ५४.८ टक्के आणि केवळ 'इंग्लिश' म्हणवणारे १४.९ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी उलथापालथ कशाने झाली? छापील प्रश्नात इंग्लंडपुरता पर्यायांचा क्रम बदलून 'ब्रिटिश' हा पर्याय वर आणला होता, हे तेथील सांख्यिकी कार्यालयानेच एक कारण म्हणून नोंदवले आहे. ओळीतील जागा बदलताच ज्या समाजाच्या इतक्या मोठ्या भागाचे उत्तर बदलते, त्याला हा भेद आतून कितपत जाणवत असेल?

याची झळ तेथील हिंदू कुटुंबांना लागते आहे. साउदॅम्प्टनमध्ये जन्मलेले ऋषी सुनक २०२२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ते इंग्लिश आहेत काय, असा वाद २०२५ च्या आरंभी तेथे रंगला. मूळच्या गोमंतकीय वडिलांची कन्या आणि माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी त्याच सुमारास आपण ब्रिटिश आहोत, खऱ्या अर्थाने इंग्लिश कधीच होऊ शकणार नाही, असे लिहिले. उलट पाकिस्तानी वंशाचे हमजा युसुफ २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झाले आणि स्वतःला स्कॉटिश म्हणवताना त्यांना असा अडसर आला नाही. स्कॉटलंडपाशी स्वतःची संसद आहे, न्यायव्यवस्था आहे, शिक्षणपद्धती आहे. त्यामुळे नवागताला आत शिरायला दार आहे. इंग्लिशपणाला अशी स्वतःची घडण मिळालीच नाही, म्हणून तो कोणी रक्तात शोधतो, कोणी कातडीच्या रंगात, तर कोणी झेंड्यात. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या गावोगावी दिव्यांच्या खांबांवर सेंट जॉर्जचे झेंडे चढले, तेव्हा ते आपलेपणाने लावले की परक्यांना दटावण्यासाठी, यावर शेजाऱ्याशेजाऱ्यांत एकमत होईना.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. त्याच्या गणेशोत्सवात आरती म्हणणाऱ्या तिसऱ्या पिढीतील मुलाच्या पारपत्रावर 'ब्रिटिश' असे स्पष्ट छापलेले असते आणि ते त्याच्याकडून कोणी हिरावून घेत नाही. इंग्लिश असल्याचे पारपत्र मात्र कोणतेही कार्यालय देत नाही. ते त्याच्या गोऱ्या शेजाऱ्यापाशीही नाही.