अद्भुत आणि इतिहास : कादंबरीकडे वाचकाने काय मागावे?



मराठी कादंबरीच्या अभ्यासाला आरंभ करताना दोन प्रकारांविषयी बहुतेकांच्या मनात ठाम समजुती असतात. राजपुत्र-राजकन्या, शाप, भुयारे, विरह आणि मीलन यांनी भरलेली अद्भुतरम्य प्रेमकथा ही फावल्या वेळची करमणूक असून उत्तरपत्रिकेत तिचे नावही घेऊ नये, ही पहिली समजूत. गड, मोहिमा आणि रणांगणे रंगवणारी ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहासच, केवळ अधिक सुरस केलेला, ही दुसरी. मला या दोन्ही समजुती मान्य नाहीत. पहिलीमुळे एका जुन्या वाङ्मयप्रकारावर अन्याय होतो. दुसरीमुळे वाचकाची फसगत होते, आणि ही फसगत पुष्कळदा त्याने स्वतःच ओढवून घेतलेली असते. तुम्ही प्रौढ वाचक आहात. संसार, शेती, नोकरी सांभाळून, रात्रीचा तास-दीड तास काढून तुम्ही ही पुस्तके वाचता. म्हणून माझे मत मी तुमच्यापुढे स्पष्टपणे मांडतो. ते पटले नाही तर तुम्ही ते कारणे देऊन खोडून काढावे.

एकाच घरातील दोन भावंडे

आपण ज्याला 'कादंबरी' म्हणतो, त्या प्रकाराचे नावच एका अद्भुतरम्य प्रेमकथेवरून आले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या 'कादंबरी' या संस्कृत गद्यकाव्यात राजाला कथा सांगणारा पोपट आहे, शाप आहेत, पुनर्जन्म आहेत आणि जन्मांतरानंतरही न संपणारे प्रेम आहे. याच बाणभट्टाने आपला आश्रयदाता सम्राट हर्ष याच्यावर 'हर्षचरित' लिहिले. अद्भुत प्रेमकथा आणि राजाचे चरित्र ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

मराठीतही क्रम साधारण असाच दिसतो. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीने विधवांच्या दुःस्थितीचा सामाजिक प्रश्न हाती घेतला. परंतु त्यानंतर वाचकांची पसंती मिळवली ती लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी १८७१ची. म्हणजे ऐतिहासिक कादंबरी जन्मली तेव्हा वाचकांच्या मनात अद्भुताचा आराखडा तयार होता. वेषांतर, विश्वासघात, कैद, सुटका, सौंदर्यवती नायिका आणि तिच्या मार्गातील दुष्ट पुरुष हे सारे घटक राजवाड्यातून उचलून गडावर नेता येत होते, आणि पुढे ते नेलेही गेले. नाथमाधवांनी 'वीरधवल' (१९१३) ही अद्भुतरम्य कादंबरी लिहिली आणि शिवकालावरील ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. या दोन प्रकारांतील कुंपण आपण समजतो तेवढे उंच कधीच नव्हते.

हीच गोष्ट अलीकडच्या कादंबऱ्यांतही दिसेल. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) थोरल्या माधवरावांची कारकीर्द सांगते. तरी ती वाचून झाल्यावर राक्षसभुवनची लढाई किती जणांना आठवते आणि रमा-माधव किती जणांना आठवतात, हे तुम्हीच एकमेकांना विचारून पाहा. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'मध्ये (१९७२) बाजीरावाच्या मोहिमांपेक्षा मस्तानीच मनात घर करून राहते. यात कमीपणा काहीच नाही. युद्धकादंबरीला आतून धरून ठेवणारा धागा पुष्कळदा प्रेमकथेचाच असतो, एवढेच त्यातून कळते.

कागद कुठे संपतो?

हरिभाऊ आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचे उदाहरण घ्या. तानाजी मालुसरे यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये प्राण देऊन गड घेतला, हा इतिहास आहे. कादंबरीतील कमलकुमारी आणि तिच्यामागे लागलेला उदेभान ही कथा कादंबरीच्या गरजेतून येते. तानाजींच्या मृत्यूनंतर गडाला 'सिंहगड' हे नाव मिळाले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु त्यापूर्वीच्या, १६६३ सालच्या पत्रातही हे नाव आढळते. असे असूनही कादंबरीचे शीर्षक मराठीत म्हणीसारखे रूढ झाले आहे. निवडणुकीच्या बातमीपासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत ते कुठेही भेटते. कल्पनेची भाषा व्यवहारात एवढी मुरली की तिचा उगम शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आता आपल्या खटाव तालुक्यातील उदाहरण पाहू. सरनौबत प्रतापराव गुजर हे भोसरे गावचे. बहलोलखानाला उमराणीला कोंडीत पकडूनही त्यांनी जाऊ दिले, म्हणून शिवाजी महाराज नाराज झाले. पुढे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ प्रतापरावांना वीरमरण आले. कुसुमाग्रजांची कविता आणि तिला लाभलेला लता मंगेशकरांचा स्वर यांमुळे सात वीरांची ती दौड मराठी मनावर कायमची कोरली गेली आहे. सभासदाच्या बखरीत मात्र मोठे युद्ध झाले आणि त्यात प्रतापराव पडले, असा आशय आहे. सहा सोबत्यांची नावे तिथे नाहीत. त्याच वर्षी नारायण शेणवी याने मुंबईच्या इंग्रजांना पाठवलेल्या पत्रात दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेचा आणि प्रतापरावांबरोबरच्या सहा स्वारांचा उल्लेख येतो. पत्र एवढे सांगून थांबते. घोड्याला टाच देण्यापूर्वी प्रतापराव काय बोलले, त्या सहा जणांनी एकमेकांकडे कसे पाहिले, हे कोणत्याही कागदात नाही. नेमके तेच आपल्याला हवे असते. कवी आणि कादंबरीकार ते देतात, आणि ते देण्याचा त्यांना अधिकार आहे. मात्र ते कोणी दिले याची नोंद वाचकाने मनात ठेवली पाहिजे.

वाक्याकडे पाहा

ही नोंद कशी ठेवायची? त्यासाठी दप्तरखान्यात जाण्याची गरज नाही. भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून मी तुम्हाला तीन खुणा सांगतो. त्या वाक्यातच सापडतात.

पहिली खूण मनोव्यापाराच्या क्रियापदांची. 'त्यांना वाटले', 'मनात विचार आला', 'अंतःकरण भरून आले' अशी रचना ऐतिहासिक व्यक्तीच्या संदर्भात आली की बहुधा आपण कागद सोडून कल्पनेत शिरलो आहोत, असे समजावे. कोणाच्या मनात काय आले हे त्याने स्वतः लिहून ठेवल्याखेरीज इतिहासकाराला कळत नाही. कादंबरीकाराला ते कळते, कारण ते मन त्याने स्वतः घडवलेले असते.

दुसरी खूण ऐकीव माहिती दर्शवणाऱ्या शब्दांची. आपल्या गावात जुनी गोष्ट सांगताना म्हातारी माणसे 'म्हणे', 'असं सांगतात', 'खरंखोटं देव जाणे' असे शब्द सहज पेरतात. आपण त्यांना अडाणीपणा समजतो. वास्तविक ही ज्ञानाविषयीची फार प्रामाणिक सवय आहे. सांगणारा आपण पाहिलेले आणि आपण ऐकलेले यांत भेद करत असतो. कादंबरीत हे शब्द गळून पडतात. तिथे सारे काही निवेदकाने डोळ्यांनी पाहिल्यासारखे ठामपणे येते. कथेची रंगत त्या ठामपणावर उभी असते, आणि वाचकाची फसगतही त्यातूनच होते.

तिसरी खूण शब्दसंग्रहाची. सतराव्या शतकातील मराठी पत्रव्यवहारात फारसी-अरबी शब्दांची रेलचेल आहे. फौज, मोहीम, शिकस्त, फत्ते, हवालदार, सरनौबत हे त्या काळच्या कारभाराचे रोजचे शब्द होते. शिवाजी महाराजांच्या काळात संस्कृत पर्याय सुचवणारा 'राजव्यवहारकोश' तयार करावा लागला, यावरूनच मूळ प्रवाह किती जोरकस होता हे कळते. आपल्या अनेक कादंबऱ्यांतील वीर मात्र संस्कृतप्रचुर, घोटीव मराठी बोलतात. ती भाषा विसाव्या शतकातील लेखकाची असते. त्या काळची भाषा जशीच्या तशी दिली असती तर आपल्याला पानोपानी कोश उघडावा लागला असता, म्हणून मी लेखकाला दोष देत नाही. परंतु 'महाराज असेच बोलत असत' असे कोणी म्हणाला, तर मी त्याला त्या काळचे एखादे पत्र वाचायला देईन.

अद्भुताची बाजू

या तीन खुणा लावून पाहिल्यावर अद्भुतरम्य कादंबरीचा प्रामाणिकपणा लक्षात येतो. 'कोणे एके काळी एक राजा होता' असे म्हणताच ती आपल्याशी करार करते. काळ अनिश्चित, देश अनिश्चित, आणि खरेपणाचा दावा मुळीच नाही. तिच्यातील शाप आणि वरदाने आपण वस्तुस्थिती म्हणून स्वीकारत नाही. आपण स्वीकारतो ते वियोगाचे दुःख, प्रतीक्षेचा कस आणि दिलेल्या शब्दाची किंमत. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाती' (१९५९) वाचून शुक्राचार्यांच्या शापाचा पुरावा कोणी मागत नाही, तरीही वासनेविषयीचे तिचे प्रश्न आपल्याला लागू पडतात.

अशा पुस्तकांनी आणखी एक काम केले आहे. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून अनेकजण हिंदी शिकले, असे सांगितले जाते. सक्तीने न होणारी गोष्ट उत्सुकतेने होते. तुमच्यापैकी ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले होते, त्यांना अभ्यासाकडे परत आणण्यात एखाद्या गाजलेल्या प्रेमकथेचा वाटा असेल, तर ती लपवण्याचे कारण नाही. 'मी हे आवडीने वाचले' या वाक्याने समीक्षा सुरू होऊ शकते. मात्र 'का आवडले' हे सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

अद्भुतकथेलाही जाब विचारावाच लागतो. नायिका केवळ पळवून नेण्यासाठी आणि सोडवून आणण्यासाठी असेल, तिला स्वतःची इच्छा नसेल, तर कल्पनेचे कितीही इमले उभारले तरी ती कथा दरिद्रीच म्हणावी लागेल. तिच्याकडे आपण पुरावा मागणार नाही. माणूसपण मात्र मागू.

दोन टोकांची एकच चूक

ऐतिहासिक कादंबरीबाबत आपल्या समाजात दोन टोकाचे वाचक आढळतात. एक तिला इतिहास मानून तिच्यातील संवाद भाषणांत आणि उत्तरपत्रिकांत पुरावा म्हणून वापरतो. दुसरा तिच्यात काही न पटणारे आढळले की पुस्तक मागे घेण्याची मागणी करतो. हे दोघे एकमेकांचे विरोधक दिसत असले, तरी माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. दोघांनीही कादंबरी हा दस्तऐवज मानला आहे. याचा अर्थ कादंबरीकाराने काहीही लिहावे असा नव्हे. नेर्ल्याच्या विश्वास पाटलांनी 'पानिपत' (१९८८) लिहिताना सदाशिवरावभाऊंकडे सहानुभूतीने पाहायला वाचकाला भाग पाडले. खरे नाव वापरले की त्या नावाचे देणे लागते. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. म्हणून अद्भुतकथेच्या लेखकापेक्षा ऐतिहासिक कादंबरीकाराची जबाबदारी मोठी, आणि तिच्या वाचकाचीही मोठी.

ही जबाबदारी केवढी आहे हे समजण्यासाठी शिवकालापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला, त्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. या परिसरातील अनेक घरांत त्या दिवसाच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. समजा, या दिवसावर तुम्ही कादंबरी लिहायला बसलात. तारीख बदलता येणार नाही, नावे बदलता येणार नाहीत. पण आदल्या रात्री एखाद्या घरात चुलीपाशी काय बोलणे झाले, हे तुम्हाला कल्पनेनेच लिहावे लागेल. ते लिहिल्याखेरीज कादंबरी होणार नाही. कथानकाला गोडी यावी म्हणून त्या हुतात्म्यांपैकी एखाद्याला तुम्ही काल्पनिक प्रेयसी द्याल काय? त्याची नात ते पुस्तक वाचणार आहे हे ठाऊक असताना द्याल काय? आणि १९४२ सालच्या माणसाबाबत जो संकोच वाटतो, तो १६७४ सालच्या माणसाबाबत का वाटू नये?

या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर माझ्यापाशी नाही. काळ जसा लांबतो तशी कल्पनेला मोकळीक मिळते, असे म्हणता येईल. नाव खरे असेल तोवर ती मोकळीक मर्यादितच राहते, असेही म्हणता येईल. मी दुसऱ्या बाजूचा आहे. तुम्ही आवडत्या ऐतिहासिक कादंबरीतील युद्धाचे एक प्रकरण निवडा. वर सांगितलेल्या तीन खुणा शोधत ते पुन्हा वाचा, जिथे कागद संपून कल्पना सुरू झाली असे वाटते तिथे पेन्सिलीने रेघ मारा, आणि त्या रेघेपुढे लेखकाने जे दिले ते तुम्हाला मान्य आहे का, याचे उत्तर एका पानात लिहा. ते पान संपर्कसत्राला घेऊन या. भोसऱ्याच्या विद्यार्थ्याने प्रतापरावांवरील पान आणले, तर चर्चा तिथूनच सुरू करू.