संसद आणि जाब विचारण्याचा हक्क

संसद म्हणजे भांडवलदारवर्गाचा बडबडखाना. तेथे काय घडते याच्याशी कष्टकऱ्यांचे काय देणेघेणे, असा सूर आपल्याही सभांतून अधूनमधून ऐकू येतो. हा सूर वरवर जहाल वाटला तरी तो राज्यकर्त्यांच्याच सोयीचा आहे. बंगळूर शहराचा इतिहास याची साक्ष देईल.

बंगळूरच्या पूर्व भागात इंदिरानगर ही वसाहत आहे. ज्या पंतप्रधानांचे नाव ती धारण करते, त्यांच्याच सरकारने २६ जून १९७५ रोजी याच शहरात अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि कोकणातील राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना अटक केली. पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते तेथे आले होते. म्हणजे संसदेचेच काम करीत असता संसदसदस्य तुरुंगात गेले. यांपैकी काहींच्या राजकारणाशी आपला मूलभूत विरोध आहे. त्यामुळे या घटनेचा अर्थ बदलत नाही. संसद हा निव्वळ बडबडखाना असता, तर तिच्या सदस्यांना गजाआड टाकण्याची एवढी निकड सत्ताधाऱ्यांना का भासावी?

ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, आणीबाणीत संसद बंद पडली नव्हती. २१ जुलै १९७५ रोजी अधिवेशन रीतसर भरले. मात्र प्रश्नोत्तरांचा तास स्थगित करण्यात आला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९ वी घटनादुरुस्ती लोकसभेने ७ ऑगस्टला, मांडली त्याच दिवशी, मंजूर केली. कॉ. ए. के. गोपालन यांनी सभागृहात आणीबाणीचा निर्भयपणे निषेध केला. परंतु तो आवाज जनतेपर्यंत पोहोचू नये याची तजवीज सेन्सॉरने केलीच होती. संसदेच्या कामकाजाचे वृत्त छापण्यास संरक्षण देणारा १९५६ चा कायदा डिसेंबर १९७५ मध्ये वटहुकमाने रद्द झाला. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत दोनदा वाढविण्यात आली.

इमारत उभी होती, बहुमत होते, कायदेही होत होते. नाहीसे झाले ते तीन हक्क: सरकारला प्रश्न विचारण्याचा, त्याचे उत्तर जनतेला कळण्याचा आणि ठरल्या वेळी सरकार बदलण्याचा. या तिहींवाचून संसद म्हणजे मंत्रिमंडळाचा रबरी शिक्का होय.

हे हक्क संसदेने आपण होऊन परत मिळविले नाहीत. मार्च १९७७ मध्ये जनतेने ते मतपेटीतून खेचून आणले. त्यानंतरच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांची केली.

आज आणीबाणीची घोषणा न करताही तोच मार्ग चोखाळता येतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीचे कारण देऊन प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला. त्याच अधिवेशनात, २० सप्टेंबरला, मतविभागणीची मागणी डावलून राज्यसभेत कृषी विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधी बाके रिकामी असताना तीन कामगार संहिताही मंजूर झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतून १४६ सदस्य निलंबित झाले आणि त्याच अधिवेशनात देशाचे फौजदारी कायदे बदलले गेले. कृषी कायदे मागे घेणे सरकारला भाग पडले ते दिल्लीच्या सीमांवर वर्षभर ठाण मांडून बसलेल्या शेतकऱ्यांमुळे. पण २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते रद्द करतानाही चर्चा टाळण्यात आली. जिंकलेल्या शेतकऱ्यांसमोरही सरकारला उत्तर द्यावयाचे नव्हते!

म्हणून संसदेतील लढा आणि रस्त्यावरचा लढा यांत निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संसदेविषयी भ्रम नको, तशी तिच्याविषयी बेफिकिरीही नको. जनआंदोलनाच्या पाठबळाविना सभागृहातला प्रश्न एकाकी पडतो. आणि सभागृहात प्रश्न विचारणाराच उरला नाही, तर कामगाराच्या हक्कांवरील घाला त्याला कायदा झाल्यावरच कळतो. शाखाशाखांतून, युनियनच्या दारसभांतून संसदेत काय मंजूर झाले आणि कशाचे उत्तर टाळले गेले, याचा हिशेब जनतेपुढे मांडणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य आहे.