विश्लेषण : मुलांच्या मानसोपचारात नर्सचं काम नेमकं काय असतं? सौंदडसारख्या गावासाठी ते महत्त्वाचं का?

सौंदड. गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. समजा, इथली पंधरा वर्षांची मुलगी दोन महिन्यांपासून शाळेत जात नाही. रात्रभर जागी असते, धड जेवत नाही, अधूनमधून मरणाची भाषा करते. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काही लागलंय.’ शेजारी म्हणतात, ‘अभ्यास नको म्हणून नाटकं.’ तिला आधी कोण ओळखणार? आणि दवाखान्यात दाखल केलंच, तर दिवसरात्र तिच्याजवळ कोण असणार? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे नर्स.

हा प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातलं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. याच सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नव्हते. या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत शेजारचं छत्तीसगड होतं, महाराष्ट्र नव्हता.

वॉर्डात नर्स काय करते?

डॉक्टर राऊंडला येतात, तपासतात, औषध लिहून देतात. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र नर्सची असते. गोळी खरंच गिळली की जिभेखाली ठेवली, हे ती बघते. ओढणी, दोरी, काच अशा वस्तू मुलांच्या हाताशी राहणार नाहीत याची काळजी घेते. ज्याला जास्त धोका, त्याच्यावरून नजर हटू देत नाही. झोप किती झाली, ताटात किती उरलं, आई भेटून गेल्यावर मूल शांत झालं की चिडलं, हे सगळं नोंदवून पुढच्या पाळीला सांगते. पुढचा उपचार ठरवताना डॉक्टरांना या नोंदी लागतात.

मूल मोठ्या माणसासारखं ‘मला उदास वाटतं’ असं सांगत नाही. ते वस्तू फेकतं, अंथरूण ओलं करतं, नाहीतर बोलणंच बंद करतं. म्हणून नर्सला खेळातून, चित्रातून त्याच्यापर्यंत पोहोचावं लागतं. आणि मुलाने ‘कुणाला सांगू नका’ म्हणत लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ती पोटात ठेवता येत नाही. पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. मुलाचा विश्वास न तोडता हे करणं हा या नोकरीतला अवघड भाग.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीन मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत असावी लागते. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवी. दाखल केल्याची माहिती ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला द्यावी लागते.

पण याच कायद्याच्या व्याख्येत सामान्य नर्सिंगची पदविका वा पदवी असलेली, नोंदणीकृत नर्सही ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. मनुष्यबळ कमी असताना ही सोय समजण्यासारखी आहे. मात्र त्यामुळे मुलांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण नसतानाही तिच्यावर ही जबाबदारी येऊ शकते.

सौंदडची अडचण कुठे आहे?

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. सौंदडहून नागपूर शंभर किलोमीटरहून जास्त. जवळ म्हणजे गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ऐन रोवणीत आईने पंधरा दिवस वॉर्डात बसायचं, तर मजुरी बुडते. सोबतीचा नियम मुलाच्या भल्याचाच आहे, पण त्याचा खर्च गरीब घरावर पडतो. मग उपचार अर्धवट सुटतात.

म्हणून नर्सचं काम डिस्चार्जच्या कागदाशी संपून चालत नाही. गोळ्या अचानक बंद करू नका, कोणती लक्षणं दिसली की लगेच या, शाळेत काय सांगायचं, हे घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावणं आणि गावातल्या आशाताईपर्यंत निरोप पोहोचवणं इथेच मूल परत आजारी पडणं टळू शकतं.

मग करायचं काय?

नवी इमारत उभी राहायला वर्षं लागतात. पण जिल्ह्यातल्या नर्सना मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण देणं आणि अशा प्रशिक्षित नर्सची सारखी बदली न करणं हे त्याआधी होऊ शकतं. शाळा-आश्रमशाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेतच. त्यांना मनाच्या आजाराची खूण ओळखता आली, तर मूल लवकर सापडेल.

तुमच्या घरात, ओळखीत असं मूल असेल तर वाट बघू नका. ‘टेलि-मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते.