लाल शाईची ॲलर्जी

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, असे पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून बजावले. त्याआधी नोव्हेंबर 2025मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्धचा 2025-29 साठीचा राष्ट्रीय कृती आराखडाही वाजतगाजत मांडला. ठीक. पण डॉक्टरांना विचारून घेतलेले औषधच उगाच भारी असेल, तर दोष कोणाचा?

केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ असे एकदा लिहिले की त्या माणसाला पेनिसिलीन जन्मभर बंद. कोणी लिहिले, कशावरून लिहिले, कोणी विचारत नाही. लहानपणी तापात अंगावर पुरळ उठले होते, असे आईने सांगितले, झाली ॲलर्जी. ते पुरळ तापाचेच असेल, ही शंका कोणाला शिवत नाही. गोळीने मळमळले, जुलाब झाले, तीही ॲलर्जीच! अमेरिकेत दहातला एक रुग्ण अशी ॲलर्जी सांगतो. नीट तपासले तर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांना ती नसतेच. खरी असलेलीही दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. लाल शाई मात्र ओसरत नाही. मग साध्या ॲमॉक्सिसिलीनने भागले असते तिथे महागडी, सरसकट मारा करणारी औषधे दिली जातात आणि जंतू त्यांनाही सरावतात. पुन्हा आराखडे करायला आपण मोकळे.

आपल्याकडची तपासणी तर विचारूच नका. चिठ्ठीवर ‘एएसटी’, म्हणजे ‘चाचणी करूनच द्या’, असे लिहायचे, सिस्टरने तेच इंजेक्शन थेंबभर हाताच्या कातडीत टोचायचे, भोवती पेनाने गोल काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघायचे. सुईने आलेली लालीही ‘रिॲक्शन’ ठरते आणि काहीच उठले नाही तरी खात्री मिळत नाही. हा विधी रुग्णापेक्षा कागदाच्या समाधानासाठी चालतो.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी यावर तीन प्रश्नांची पद्धत बसवली. रिॲक्शन गेल्या पाच वर्षांतली का? श्वास अडकला, ओठ-चेहरा सुजला किंवा कातडी सोलली का? उपचार करावे लागले का? धोका कमी दिसला, तर देखरेखीखाली तोंडावाटे एक डोस. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पावणेचारशेहून अधिक रुग्णांत, थेट डोस दिलेल्या आणि आधी त्वचाचाचणी केलेल्या, दोन्ही गटांत एकेकालाच रिॲक्शन आली. ज्याचा जीव खरोखर धोक्यात आला होता, त्याला अर्थातच तज्ज्ञाकडे पाठवावे.

काही झाले तर नातेवाईक दवाखाना फोडतील, ही डॉक्टरांची भीती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली पोरे मोजतात. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन लागते आणि ‘आम्ही इथे देत नाही’ हे उत्तर मिळते. 1954 साली पिंपरीत ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ उभी राहिली, ती याच औषधासाठी. त्याच महाराष्ट्रात ही गत!

राज्याच्या आरोग्य खात्याने एक साधा आदेश काढावा: ॲलर्जी लिहिणाऱ्याने औषधाचे नाव, तारीख, नेमके काय झाले ते लिहून खाली सही करावी. सही नसेल तर ती ओळ आधी तपासावी, मगच मानावी.