आधी सूर ऐकवा

भाचीनं या आठवड्यात मला तबल्याच्या जोडीची एक जाहिरात पाठवली. ती पाहून तापलेलं डोकं अजून शांत झालेलं नाही. तिची लेक आठवीत आहे, तबल्याच्या क्लासला जाते आणि आता तिला घरी रियाजासाठी स्वतःची जोडी हवी आहे. "मावशी, पैसे भरायच्या आधी एकदा नजर टाक ना," एवढंच भाचीचं म्हणणं होतं.

मी नजर टाकली. झगझगीत डग्ग्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो होते. सोबत पिशवी, हातोडी, चुंबळी आणि पावडरचा डबा मोफत. डग्ग्याच्या रंगाचे तीन पर्याय होते, 'प्रोफेशनल क्वालिटी' हे शब्द तीनदा होते. तबला कोणत्या पट्टीचा, तोंड किती इंचांचं, खोड शिसवाचं की आंब्याचं, डग्गा तांब्याचा की मुलामा दिलेल्या लोखंडाचा, जोडीचं वजन किती, यातलं एक अक्षरही नव्हतं. साधी साडी घेताना आपण पोत विचारतो, आणि इथं वाद्य विकणारा वाद्याबद्दलच बोलायला तयार नाही. मोफत हातोडीचा आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा मला सहन होत नाही, कारण यात फसतं ते शिकणारं मूल.

मी भाचीला म्हटलं, त्यांना फक्त पट्टी विचार. तिनं विचारली. उत्तर आलं, "मॅडम, सगळ्या पट्ट्यांत लागतो." हे धादांत खोटं आहे. काळी एकमध्ये लागणाऱ्या तबल्याचं तोंड साधारण साडेपाच इंचांच्या आत-बाहेर असतं. काळी चार-पाचच्या आसपास गाणाऱ्या मुलींच्या षड्जाला लावायचा तबला त्याहून रुंद तोंडाचा, सहा इंचांच्या घरातला लागतो. गट्टे ठोकून, गजऱ्यावर हातोडी मारून तबला एखादा सूर वर-खाली सरकतो. त्यापलीकडे चढवलात तर पुडी फाटते, उतरवलात तर आवाज बसतो आणि बोल निघत नाहीत. मुलीला वाटतं, आपलाच हात वाईट. घरच्यांना वाटतं, हिला काही येत नाही. आणि जोडी माळ्यावर जाते.

"पण मावशी, तिला साडेचार तारे आहेत," भाची म्हणाली. मी ते तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचत बसले. 'पॅकिंग छान', 'वेळेत आलं', 'मुलाला आवडलं'. तबला सुरात लागला का, हे त्यात मला एकाही माणसाचं सापडलं नाही. घेणाऱ्यांनीच विचारायचं सोडलं तर विकणारा कशाला सांगेल?

पैशांची खबरदारी एका दमात सांगून टाकते, कारण ती सगळ्याच खरेदीला लागू आहे. आपल्याला पैसे मिळायचे असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. जुनी गिटार विकताना कुणी 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील' म्हणाला की बोलणं तिथंच संपवा. 'लष्करात आहे, बदली झालीय, वाद्य स्वस्तात देतो, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा' ही फसवणूक जुनी आहे आणि त्यासोबत आलेला ओळखपत्राचा फोटो हा काही पुरावा नव्हे. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवा, जितका उशीर तितकी ते अडवण्याची शक्यता कमी. सदोष माल आला आणि विक्रेता दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि कोणत्या देशात बनला ते ग्राहकाला कळलं पाहिजे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. 2019 च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. खोकं उघडताना सुरुवातीपासून सलग व्हिडिओ काढा, मधे थांबवू नका.

आता वाद्याकडे येते. या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, आमच्या भजनी मंडळाची पेटी माझ्याकडे असते, त्यामुळे पेटी घेणारे लोक हक्कानं मला विचारतात. त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं: फोटो राहू दे, आधी सूर ऐकवायला सांगा. पेटीवाल्याला म्हणायचं, भाता पूर्ण भरा आणि हात काढा, एकही पट्टी दाबू नका. भाता हळूहळू मिटायला हवा. झरकन मिटला तर हवा कुठंतरी गळते आहे. मग खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी सावकाश दाबायची आणि सोडायची. दाबल्याबरोबर सूर निघाला पाहिजे, सोडल्याबरोबर थांबला पाहिजे. नुसते खर्ज वाजवून घ्यायचे, मग नुसते नर, मग दोन्ही मिळून. एकत्र वाजताना सुरात लाटा उठायला लागल्या तर ट्यूनिंग गेलेलं आहे. शेवटी वरची फळी उघडून आतले सूर (रीड) दाखवायला सांगायचे, गंज असेल तर दिसतोच.

तबल्यासाठी याहून कमी वेळ लागतो. सोळाही घरांपाशी 'ना' वाजवून घ्या आणि सगळीकडे सूर एकच येतो का ते ऐका. शाईवर उजेड तिरका पाडून जवळून दाखवायला सांगा. बारीक तडे शाईत असतातच, पण कडेची खपली निघायला लागलेली असेल तर पुडी लवकरच बदलावी लागणार. डग्ग्याला चुंबक लावून दाखवायला सांगा. तांब्या-पितळेला चुंबक चिकटत नाही.

एक गोष्ट मात्र फार लोकांना माहीत नसते. व्हिडिओ कॉलवर तंबोरा ऐकून निर्णय घेऊ नका. सलग गुंजत राहणारा आवाज फोनला पंख्याचा गोंगाट वाटतो आणि तो त्याला दाबून टाकतो, म्हणजे तंबोऱ्याचं जे सर्वस्व तेच आपल्या कानापर्यंत येत नाही. त्यासाठी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ मागवा आणि त्यात सुरुवातीला आपलं नाव व त्या दिवसाची तारीख बोलायला सांगा, म्हणजे दुसऱ्याच वाद्याची जुनी फीत गळ्यात पडत नाही. जो कारागीर आहे, जो स्वतः वाद्य लावतो, तो हे सगळं आनंदानं करतो. जो नुसता खोकी हलवतो तो टाळाटाळ करतो. खरं तर तेवढ्यावरच निर्णय घेता येतो. भाचीच्या विक्रेत्यानं व्हिडिओ पाठवायला नकार दिला आणि तिनं ती जोडी सोडली.

जुन्या पेट्यांच्या जाहिराती हा आणखी एक संतापाचा विषय. ज्याच्यावर धूळ बसली आहे त्या प्रत्येक पेटीत म्हणे जर्मन सूर असतात. जुन्या जर्मन आणि पॅरिसच्या सुरांना मान आहे तो त्यांच्या आवाजामुळे, आणि तो आवाज ऐकवल्याशिवाय नुसतं नाव सांगून कुणी वाढीव किंमत मागत असेल तर देऊ नका. गुजरातेतल्या पालिताण्यात बनलेल्या सुरांच्या पेट्याही उत्तम वाजतात. आकाशवाणीनं पेटीवर 1940 साली बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत चालली, तेव्हा सगळा वाद तिच्या सुरांवरून होता: पेटीचे स्वर ठरलेले, त्यात मींड नाही, आपल्या श्रुती नाहीत. ते मत आपल्याला पटो न पटो, त्या माणसांना कानाची चाड होती. आज पेटी विकली जाते पॉलिशच्या रंगावर.

आणि तंबोरा? 'मिरज तंबोरा' असं कुठल्याही वाद्यावर लिहिलेलं मी बघते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. मिरजेतली ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी, संस्थानांमधलं ते काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांच्या हातून तंतुवाद्यांकडे वळली आणि पिढ्यान् पिढ्या त्यातच राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या भीमाकाठचे कडू भोपळे वाळवून, त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली बसवून हे वाद्य उभं राहतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले होते आणि त्यांना स्वतःलाही वाद्यं दुरुस्त करण्याचं, जवारी लावण्याचं उत्तम अंग होतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा विक्रेता मिरजेचं नाव घेत असेल तर बनवणारा कोण, दुकान कुठल्या गल्लीत, मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याची नोंद आहे का, हे बेधडक विचारा. खरा मिरजकर असेल तर तो तुम्हाला आजोबा-पणजोबांपर्यंत नेईल. आणि तारा जिच्यावर टेकतात ती 'घोडी हरणाच्या शिंगाची आहे' अशी कुणी फुशारकी मारली तर ते वाद्य घेऊच नका. सांबर-चितळाच्या शिंगांच्या व्यापाराला 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली बंदी आहे.

शिंगावरून घोडीचा विषय निघालाच आहे, तर जवारीबद्दल, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या गुंजणाऱ्या आवाजाबद्दल, बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला नजरेत न भरणारा बाक असतो आणि कंप पावणारी तार त्या बाकाला सतत निसटती शिवत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. एका ठिकाणी तार मुकी असते, केसभर पुढं गेलं की आवाज चरचरतो, आणि त्या दोन्हींच्या मधे एक जागा अशी सापडते की चारच तारांमधून सगळं घर भरून जातं, न छेडलेला गंधारसुद्धा ऐकू येतो. वाजवून वाजवून तारा घोडीवर बारीक चर पाडतात आणि जवारी जाते. मग कारागीर तारा उतरवतो, घोडी कानशीनं घासतो, तारा चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. हे काम कानानं चालतं. गाणाऱ्याला खुली जवारी आवडते की बंद, त्याची पट्टी कोणती, हे कारागिराला समोर बसून ऐकावं लागतं.

म्हणून मला वाटतं, की वाद्य कुठून घेतलं यापेक्षा ते पुढं कुणाच्या हाती सांभाळायला देणार हा प्रश्न मोठा आहे. तबल्याची पुडी बदलावी लागते, पेटीचे सूर दर काही वर्षांनी मिळवून घ्यावे लागतात, जवारी लावावी लागते. स्वस्तात आलेल्या वाद्याला हात लावायला गावातला कारागीर कचरतो, कारण त्यात मुळातच काही धड नसतं, आणि दुरुस्तीचा खर्च सांगितला की लोक त्याच्यावर डाफरतात. आमच्या भागात पेट्या दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांचा मुलगा आता मोबाइलचं दुकान चालवतो. त्याला मी दोष कसा देऊ? दिवसभर वाकून सूर घासायचे आणि शेवटी गिऱ्हाइकानं "एवढे कशाचे?" म्हणायचं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं आहे.

संगीताचे क्लास चालवणाऱ्या सर्व गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे. फीच्या तक्त्याशेजारी आपल्या भागातल्या पुडी बसवणाऱ्याचं, पेटी लावणाऱ्याचं आणि जवारीवाल्याचं नाव-नंबर लावा. पालक ऑनलाइन खरेदी करणारच आहेत, करू देत, पण पैसे भरण्याआधी या माणसांना व्हिडिओ ऐकवा आणि त्या सल्ल्याचे पैसे त्यांना द्या. कारागीर घरी येईल तेव्हा मुलांना त्याच्या शेजारी बसवा, गट्टे कसे ठोकतात, धागा कसा सरकवतात ते बघू द्या. आणि त्यानं सांगितलेल्या मजुरीत घासाघीस करू नका.