‘वाहून आली’ या क्रियापदाविषयी

शनिशिंगणापूरची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पानसनाल्याला पूर आला, पुरात एक काळी शिळा वाहून आली, गुराख्याने काठी टोचताच तिच्यातून रक्त वाहिले. या कथेवर जे लिहिले जाते ते बहुधा रक्ताविषयी, नाहीतर दारे नसलेल्या घरांविषयी. श्रद्धावान हात जोडतो, चिकित्सक नाक मुरडतो. कथेतले पहिले क्रियापद मात्र दोघेही ओलांडून जातात: ‘वाहून आली’.

आमचे म्हणणे असे, की साहित्याच्या विद्यार्थ्याने या क्रियापदापाशी थांबावे आणि त्यासाठी भूरूपशास्त्राच्या वर्गात जाऊन बसावे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की त्याला हलवता येणाऱ्या दगडाचे वजन सुमारे चौसष्टपट होते, असा तेथला एक जुना नियम आहे. वर्षाचे बरेच महिने कोरडा असणारा ओढा एका रात्रीत शिळा हलवू शकतो, तो यामुळेच. युलस्त्रोम या स्वीडिश अभ्यासकाने १९३५ मध्ये दाखवलेली गोष्ट तर अधिक विलक्षण आहे. घट्ट बसलेली चिकणमाती उचलायला वाळूपेक्षा जास्त वेग लागतो. पण एकदा उचलली, की ती संथ पाण्यातही दूरवर जाते. परंपरा आणि दंतकथा यांच्या प्रवासाविषयी इतके नेमके रूपक आमच्या समीक्षेला आजवर सुचलेले नाही.

ज्या नेवासे तालुक्यात शिंगणापूर आहे, त्याच तालुक्यात प्रवरेकाठी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिथल्या खांबावर दुर्गा भागवतांनी ‘पैस’ लिहिला. त्याच नदीच्या गोट्या-वाळूच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे मिळतात. १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकळियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवाशाला उत्खनन केले आणि मध्य पुराश्मयुगातील एका हत्यार-परंपरेला ‘नेवासियन’ हे नाव मिळाले. आम्ही ज्ञानेश्वरी शिकवतो, ‘पैस’ही शिकवतो, तो काठ मात्र शिकवीत नाही.

यावर आक्षेप येईल, की अशाने कथेचे विज्ञान होईल आणि तिचा जीव जाईल. आम्हांला तसे वाटत नाही. शिळा खरोखर पुरात आली का, हे सिद्ध करण्याचा हा खटाटोप नव्हे. ओढ्याकाठी राहणारा माणूस नदीची ताकद तिने आणून टाकलेल्या दगडावरून ओळखतो, आणि त्याचा देवही त्याच वाटेने येतो, एवढेच समजून घ्यायचे आहे. रक्ताचा चमत्कार त्यामुळे उणा होत नाही. त्याच्या आधीची भीती मात्र कळते.

हा प्रश्न निवांतपणे सोडवण्याजोगा राहिलेला नाही. प्रवरेकाठची उत्खातभूमी, म्हणजे घळींनी चिरलेली जुनी गाळाची जमीन, शेतीसाठी सपाट केली जात आहे. घळींच्या कडांत थर उघडे पडतात. ते एकदा मिसळले, की पुन्हा वाचता येत नाहीत. हस्तलिखित जळाले तर आम्ही हळहळतो. हे हस्तलिखित आमच्या डोळ्यांदेखत नांगरले जात असताना आम्हांला त्याची लिपीच येत नाही.

म्हणून मागणी लहान आहे. मराठी आणि भूगोल या दोन विभागांनी वर्षातून एक दिवस नेवाशाच्या काठावर एकत्र उभे राहावे. एकाने कथा सांगावी, दुसऱ्याने थर वाचावा. अभ्यासक्रम नंतर ठरवता येईल.