सरासरीच्या पडद्याआड

१८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंग्लंडमधील कामगार वर्गाची स्थिती’ या ग्रंथात फ्रेडरिक एंगेल्स यांनी लिव्हरपूल शहराचे १८४० सालचे आकडे दिले आहेत. तेथील उच्च वर्गातील माणसाचे सरासरी आयुष्य ३५ वर्षांचे होते, व्यापारी व सुस्थितीतील कारागीर यांचे २२ वर्षांचे आणि कामगार, रोजंदार मजूर, नोकरचाकर यांचे अवघे १५ वर्षांचे. अर्भकावस्थेत दगावलेली मुले या हिशेबात धरली असल्यामुळे आकडे इतके खाली आले, हे खरे. परंतु कोणाची मुले अधिक दगावत होती, हेच तर त्यातून उघड होते. एकाच शहरात, एकाच वर्षी माणसे किती जगतात हे वर्गावर ठरत होते. अशा मरणाला एंगेल्स यांनी ‘सामाजिक हत्या’ हे नाव दिले.

आज आरोग्य आणि मानव विकास यांची चर्चा ज्या संकल्पनांच्या आधारे चालते, त्यांतून ही वर्गवार विभागणीच नाहीशी झाली आहे. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली मानव विकास निर्देशांक पुढे आला. केवळ राष्ट्रीय उत्पन्नावरून देशाची प्रगती मोजण्याच्या भांडवली प्रथेला त्याने धक्का दिला आणि आयुर्मान व शिक्षण यांना उत्पन्नाच्या पंगतीला बसवले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा निर्देशांकही सरासरीचाच आहे. २०१० पासून विषमतेची वजावट करणारा निर्देशांक सोबत दिला जाऊ लागला. त्यातून विषमता किती हे कळते, तिचे कारण कळत नाही.

भारतीय माणसाचे आयुर्मान स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ३२ वर्षे होते. २०१६–२० या काळासाठीच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार ते ७० वर्षांवर आले. ही वाढ लहान नव्हे. मात्र हे आयुर्मान राज्यवार मिळते, स्त्री-पुरुषवार मिळते, ग्रामीण-शहरी मिळते. खाणकामगार किती जगतो आणि खाणमालक किती, हे त्यात कोठेही मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी लोकसंख्येचे संपत्तीनुसार पाच भाग पाडते खरी, पण ही संपत्ती म्हणजे घरातला पंखा, दूरदर्शन संच, मोटारसायकल, घराची भिंत आणि छप्पर! माणूस घरात काय वापरतो याची मोजदाद होते. तो कोणासाठी आणि कोणत्या अटींवर राबतो, हा प्रश्न पाहणी करणाऱ्यांच्या लेखी आरोग्याचा नसतो.

तो आरोग्याचाच प्रश्न आहे, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने गर्भाशय काढून टाकतात, गावच्या भाषेत ‘पिशवी काढतात’, ही गोष्ट २०१९ साली गाजली. राज्य शासनाला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यामागचे अर्थशास्त्र साधे आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. काम बुडाले तर खाड्याचा दंड त्या उचलीत चढतो. फडात ना शौचालय, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस किंवा अंगावरचा आजार परवडण्यासारखा राहत नाही, आणि खाजगी दवाखाना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवायला तयारच असतो. जिल्ह्याच्या सरासरीत ही गोष्ट वर्षानुवर्षे बुडून राहिली. कामानुसार मोजणी झाली तेव्हाच ती वर आली.

सत्ताधारी वर्गाला अशी मोजणी का नकोशी होते, याचे उत्तर ब्रिटनने दिले आहे. मजूर पक्षाच्या सरकारने १९७७ साली नेमलेल्या ब्लॅक समितीने अकुशल कामगार आणि वरचा व्यावसायिक वर्ग यांच्या मृत्यूच्या प्रमाणातील प्रचंड तफावत वर्गवार मांडली. अहवाल १९८० मध्ये तयार झाला तोवर सत्तेवर थॅचरबाई होत्या. त्यांच्या सरकारने ऑगस्टच्या सुट्टीच्या तोंडावर त्याच्या जेमतेम २६० प्रती काढल्या.

डाव्या कार्यकर्त्यांनाही हा नियम लागू आहे. केरळचा बालमृत्यूदर २०२० साली हजारी ६ होता आणि देशाचा २८, हा आकडा सभांतून अभिमानाने सांगितला जातो. जमीनसुधारणा, सार्वजनिक शिक्षण आणि लढाऊ जनसंघटना यांच्यामुळे तो शक्य झाला, म्हणून अभिमान योग्यच आहे. पण त्याच केरळात पालक्काड जिल्ह्यातील अट्टप्पाडीच्या आदिवासी वस्त्यांतील अर्भकमृत्यू २०१३ साली देशभर गाजले होते. तेथील आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांच्या हातात गेल्या होत्या. राज्याची सरासरी सांगताना अट्टप्पाडीचे नाव गाळणारा वक्ता नकळत विरोधकांचीच मोजपट्टी हाती घेतो.

मृत्यूनोंदणीच्या सरकारी नमुन्यात मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे. त्यावरून देशातील व्यवसायनिहाय आयुर्मानाचे कोष्टक मात्र तयार होऊन लोकांपुढे येत नाही. कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या मागणीपत्रात वेतनाच्या शेजारी लिहावयास हवी. तोपर्यंत संघटनेच्या शाखेला निदान स्वतःची वही ठेवता येईल: दगावलेल्या सभासदाचे वय, त्याचे काम, त्या कामावर काढलेली वर्षे आणि मरणाचे कारण.